उलटी बांधलेली गिटार

माझा भाऊ प्रेसवर कामाला होता आणि गिटार वाजवायचा. ही दोन्ही कामं त्याच हातांनी होतात, याचा आमच्या घरात कुणी कधी विचार केला नव्हता.

महाळुंग्याच्या एका व्हेंडर कंपनीत तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर गाड्यांचे पार्ट काढायचा. मी त्याची मोठी बहीण. चाकणच्या पुढे गाड्यांच्या एका कारखान्यात मी पेंट शॉपला तपासणीचं काम करते. रंगून आलेली गाडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून सावकाश पुढे सरकते आणि आम्ही हातमोजे घालून तिच्यावर धुळीचा कण, ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा उठलेला रंग शोधत तिच्याबरोबर चालतो. दिवसभर चुका शोधायच्या. घरी आल्यावरही डोळे तेच करत राहतात. लग्नाच्या पंगतीत स्टीलच्या ताटावरचा पोचा मला वाढलेल्या जेवणाआधी दिसतो.

गिटार दुरुस्तीचं माझं काम ह्या भावामुळेच सुरू झालं. कॉलेजात असताना त्याने कुणाकडून तरी एक जुनी गिटार आणली. तिच्या तारा मानेपासून इतक्या वर होत्या की मधून चिमणी गेली असती. दाबून दाबून त्याच्या बोटांची कातडी निघाली तरी त्याची हौस फिटेना. आई आतून ओरडायची, "अरे, बंद कर ते, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत मला!" आमचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने ते बनवायचे. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखाली पडून होती. एका रविवारी मी ती पेटी ओढली, कानस काढली, आणि गिटारच्या पोटावर तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी खालून थोडी थोडी घासत गेले. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून मी लाकडाचे तुकडे घासलेले होते, ते हाताला आठवलं. तारा खाली आल्या. भावाने बोटांनी तारा दाबून एक कॉर्ड धरली, छेडली, आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला.

मग त्याचे मित्र यायला लागले. कुणाच्या गिटारची मान वाकलेली, कुणाचा ब्रिज, म्हणजे पोटावर तारा अडकवायचं लाकूड, उखडलेला, कुणाच्या गिटारवर मोटरसायकल पडलेली. संत तुकाराम नगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत मी टेबल टाकलं, आईच्या कुंड्या कोपऱ्यात गेल्या. चर्चमध्ये गाणारे, इंजिनिअरिंगची मुलं, कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात वाजवणारे साहेब, सगळे जिना चढून यायचे. "गिटारवाल्या ताई कुठे राहतात?" म्हटलं की खालचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री न सोडता मान वर करून आमची गॅलरी दाखवायचा. पॉलिश मी जुन्या सुतारी पद्धतीने करते, स्पिरिटमध्ये लाख भिजवून, सुती कापडाच्या बोळ्याने. कंपनीत यंत्रमानव जो रंग मारतात त्याची चकाकी त्याला कधी येत नाही. पण चुकलं तर त्याच जागी परत करता येतं, हे मला आवडतं.

भावाला नोकरी लागली तेव्हा आम्ही दोघं त्याच्यासाठी चांगली गिटार घ्यायला पुण्याला गेलो. दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. मी एकेक उतरवून मानेवरून एका डोळ्याने बघत होते, बंदुकीतून नेम धरल्यासारखं. सांधे बघत होते, मानेवरच्या धातूच्या पडद्यांची टोकं बोटाने चाचपत होते. मी एक निवडली, सर्वांगाने निर्दोष. भावाने ती वाजवली, ठेवली, आणि दुसरीच उचलली. तिच्या काठाजवळ पॉलिशखाली दुधाळ डाग होता. लाकडात ओल राहिलेली असताना वर पॉलिशचा हात मारला की असा डाग येतो.

"ही नको," मी म्हटलं. "डाग बघ केवढा आहे."

"ताई, तू डोळ्यांनी घेतेस," तो म्हणाला. "जरा ऐक."

त्याने तीच कॉर्ड दोन्हींवर वाजवली. दुसरीचा आवाज खोलीत थोडा जास्त वेळ राहत होता. मला तो फरक कळला, पण त्याच्याइतका नाही. आम्ही डागाची गिटार घेतली. घरी आल्यावर मी तो डाग काढायला बसले आणि भाऊ माझ्या डोक्यावर उभा, "हळू ताई, हळू," म्हणत.

ती गिटार घेऊन तो जयंतीची गाणी म्हणणाऱ्या एका गीतपार्टीत वाजवायला लागला. जयंतीच्या दिवसांत आमच्याकडे गल्लोगल्ली स्टेज लागतात, आणि पार्टीला एप्रिलभर झोप नसते. पार्टीचे म्होरके एक वयस्क गायक होते, मूळचे मराठवाड्यातले, कारखान्यातून रिटायर झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही. हार्मोनियम, ढोलकी आणि कीबोर्डच्या त्या गर्दीत गिटार आधी कुणाला नको होती. मास्तर म्हणाले होते, "तुज्या त्या तुणतुण्याला कोन ऐकनार, बाबा?" मग एकदा सभेआधी वीज गेली, कीबोर्ड मुका झाला, आणि ढोलकीबरोबर एकट्या गिटारवर मास्तरांनी अख्खं गाणं ओढलं. त्यानंतर गिटारसाठी वेगळा माइक लागायला लागला.

अपघात पहिल्या शिफ्टला झाला. आमच्या शॉपमध्ये मोबाइल आत नेता येत नाही, लॉकरला ठेवावा लागतो. सुपरवायझर बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि मला बाहेर यायची खूण केली. माझ्यासमोर एक पांढरी गाडी होती. तिच्या दारावर मी नुकतीच एका कणाशेजारी खुणेची चिठ्ठी चिकटवली होती. मी ती नीट दाबून बसवली आणि मगच बाहेर गेले. असं का केलं, कोण जाणे.

हॉस्पिटल चाकणजवळच होतं. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो, हात आत असला की मशीन थांबतं. तो पडदा त्या दिवशी चालू नव्हता. कुणी बंद केला, कधीपासून बंद होता, हे त्या दिवशी आणि नंतरही ज्याला विचारलं त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं. भावाच्या डाव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी राहिली. त्याच्याबरोबरच्या मुलांनी बोटं बर्फात घालून पिशवीतून आणली होती. डॉक्टर म्हणाले, "कापली गेली असती तर प्रयत्न केला असता. ही चिरडली आहेत."

रिक्षातून आई आली तेव्हा मी तिला बोटांचं सांगितलं. ती म्हणाली, "पण हात आहे ना?" मी म्हटलं, "हात आहे." ती बाकावर बसली आणि पुन्हा म्हणाली, "हात आहे." बराच वेळ तेवढंच म्हणत होती.

भाऊ भुलीतून जागा झाला तेव्हा मी एकटीच जवळ होते. त्याने गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, बोटं कंपनीतच राहिली का?"

"नाही," मी म्हटलं. "आणली होती."

"मग?"

मी त्याच्या अंगावरची चादर सरळ केली. त्याने डोळे मिटले. पुढे त्याने ते कधीच विचारलं नाही.

जखम भरायला बरेच महिने गेले. गिटार समोरच्या खोलीत भिंतीवर होती. ती दिसू नये म्हणून आईने तिच्यावर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. त्यामुळे ती आणखीच दिसायला लागली, कारण तेवढ्या आकाराचं दुसरं काही भिंतीवर असूच शकत नव्हतं. मी तारा सैल करून ठेवल्या. लोक भेटायला यायचे, चहा घ्यायचे, आणि जाताना काहीतरी सांगून जायचे. नंतर मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे. पायाच्या बोटांनी गिटार वाजवणाऱ्या एका परदेशी माणसाचा व्हिडिओ तर आम्हाला इतक्या जणांनी पाठवला की भाऊ एकदा हसून म्हणाला, "आता पायांना तरी सोडा म्हणावं, राव."

तो हसला हे मला बरं वाटलं. त्या हसण्यावर मी फार मोठा इमला बांधला. माझ्या डोक्यात आलं, त्याचा उजवा हात तर शाबूत आहे. कॉर्ड उजव्या हाताने धरायची आणि डाव्याने छेडायचं. डावखुरे वाजवतातच की तसं. छेडायला बोटं लागतात किती! अंगठा आणि करंगळी आहे.

मी त्याला पुन्हा पुण्याच्या त्याच दुकानात घेऊन गेले. तो नको म्हणत होता, मग माझ्यासाठी म्हणून आला. काउंटरवर नवा सेल्समन होता, चटपटीत. मी विचारलं, "डावखुऱ्यांची गिटार आहे का?"

"मॅडम, लेफ्टीला मागणी फार कमी. एकच पीस आहे." त्याने मागून धूळ बसलेली एक गिटार आणली आणि भावाकडे बघून मोकळेपणाने विचारलं, "सर लेफ्ट हँडेड आहेत का?"

भाऊ म्हणाला, "आता झालोय."

सेल्समनला ते कळलं नाही. मग भावाने गिटार घ्यायला डावा हात पुढे केला आणि त्याला कळलं. तो बिचारा ओशाळला. मग नको इतका नम्र झाला, स्टूल आणलं, ते पुसलं, पाणी आणलं. भावाने गिटार मांडीवर घेतली. उजव्या हाताने मान धरली. डाव्या हातात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, धरायला गेला तर ते अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत राहीना. पहिल्याच तारेला लागून उडालं आणि काउंटरखाली गेलं. सेल्समन ते शोधायला वाकला. मी गिटारची मान बघायचं निमित्त केलं. मान पीळ खाल्लेली होती, सांध्यात गोंद बाहेर आलेला होता, ती गिटार कुणालाच घेण्यासारखी नव्हती. पण हे सांगताना मला वाटलं, मी फक्त बोलायला काहीतरी शोधतेय.

परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "पुरे आता."

मी ऐकलं नाही. दुकानात चांगली नसेल तर घरातली आहे, असा माझा हिशेब. पुढच्या रविवारी मी भिंतीवरचा तो कपडा काढला आणि त्याची गिटार टेबलावर घेतली.

उजव्या हाताची गिटार डावी करायची म्हणजे नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. मानेच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे असतात. ती पूर्ण नवी करावी लागते. खाली पोटावरची पट्टी जरा तिरकी बसवलेली असते, म्हणजे जाड तारेला लांबी जास्त मिळते आणि सूर जुळतात. तिचा तिरकेपणा उलटा करायला जुनी खाच शिसवीच्या चिपेने बुजवून नवीन कोरावी लागते. गिटारच्या पोटाच्या आत जाडसर पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्याही तारांच्या ताणाप्रमाणे एका बाजूला झुकत्या असतात. त्या मात्र बदलता येत नाहीत, पोट उघडावं लागेल. त्या तशाच राहिल्या. मी मनाशी म्हटलं, एवढं चालेल.

ती खाच बुजवायला मी जितका वेळ लावला तितका आजवर कुठल्याही कामाला लावला नसेल. चिपेच्या रेषा ब्रिजच्या रेषांशी जुळवल्या, लाखेचा हात दिला. उन्हात धरून बघितलं तर जुनी खाच कुठे होती हे माझ्याच नजरेला सापडेना. पिकचं काय करायचं, ते मी नेहरूनगरच्या एका चाचांना विचारलं. ते गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे, त्यांच्या मुलीच्या गिटारची खुंटी मी बदलून दिली होती. त्यांनी भावाला बोलावून घेतलं. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, उलटसुलट करून, त्यांनी माप घेतलं. आमच्या घरी आलेल्या कुणीच तोवर तो हात असा धरला नव्हता. "दुखता है क्या बेटा, इधर?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, "तिथे नाही. जिथे काही नाही ना, तिथे दुखतं." चाचांनी मान हलवली, आणि मऊ चामड्याचं एक बोटमोजं शिवून दिलं. ते अंगठ्यावर चढायचं आणि त्याच्या पुढच्या शिवणीत पिक घट्ट बसायचं.

भाऊ वाजवायला बसला. नको म्हणाला नाही, कटकट केली नाही. चाचांनी आणि मी एवढं केलंय म्हणून बसला असेल. कामावरून त्याला अजून सुट्टी होती. सकाळी आई भाकरी थापत असताना तो समोरच्या खोलीत उजव्या हाताची बोटं तारांवर एकेक करून ठेवायचा, जशी पहिलीतल्या मुलाची पेन्सिल आपण धरून देतो. तो म्हणायचा, "डोक्याला सगळं माहितीय, ताई. ह्या हाताला काहीच माहीत नाही." सूर दाबले जायचे, तारा खरखरायच्या. मी आत बसून ऐकायचे आणि माझे कान त्या खरखरीचं कारण गिटारमध्ये शोधायचे. खाच जरा जास्त खोल झाली असेल का, पट्टी अजून केसभर उचलावी का. दोनदा मी तारा उतरवून पट्टी बदलली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "गिटार बरोबर आहे गं. किती वेळा बघशील?"

दोन-तीन कॉर्ड त्याला यायला लागल्या. एकीवरून दुसरीवर जायला मात्र वेळ लागायचा. मधे शांतता पसरायची आणि त्या शांततेत आई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहायची. कॉर्ड आली की तिचा थापण्याचा आवाज परत सुरू व्हायचा.

मग मास्तर आले. खुर्चीवर न बसता भावाच्या शेजारी सतरंजीवर बसले. "आयकलं म्या, वाजवतोस म्हनून," ते म्हणाले. "शनवारी प्रॅक्टिस हाय. यायचं."

"मास्तर, मला बदलायला वेळ लागतो."

"लागू दे. आमाला कुटं गाडी पकडायचीय?"

मी त्याच्याबरोबर गेले. प्रॅक्टिस समाजमंदिराच्या मागच्या खोलीत असायची. भाऊ आत शिरला तसे सगळे उठून उभे राहिले, ढोलकीवाल्याने त्याला मिठी मारली. त्याची नेहमीची जागा, खिडकीखालची, रिकामी ठेवलेली होती. त्यांनी त्याचं आवडतं गाणं काढलं. चढ्या लयीचं गाणं ते, त्यावर लोक स्टेजसमोर नाचतात. मास्तरांनी सुरुवात केली आणि ढोलकीवाल्याकडे बघून हाताने खूण केली, हळू. ढोलकी हळू झाली. भाऊ पहिल्या कॉर्डवर वेळेत आला, दुसरीला चुकला. मास्तरांनी ओळ लांबवली, त्याची बोटं जागेवर पोचेपर्यंत तो स्वर धरून राहिले. तो पोचला की पुढची ओळ. पुन्हा थांबायचं. ढोलकी इतकी सावकाश वाजत होती की एकेक थाप वेगळी मोजता आली असती. कुणाच्या चेहऱ्यावर आठी नव्हती. सगळे प्रेमाने त्याच्या बोटांकडे बघत होते. मीही तिकडेच बघत होते. भावाचा चेहरा मला तेव्हा दिसला असता तर बरं झालं असतं.

गाणं संपलं. सगळे वा वा म्हणाले. तो हसला, चहा प्यायला, सगळ्यांशी बोलला. घरात आल्यावर बोटमोजं काढून टीव्हीच्या कपाटावर ठेवलं, आणि म्हणाला, "ताई, गिटार परत होती तशी कर."

"अरे, एकदाच तर गेलास. अजून थोडे दिवस..."

"ते गाणं तसं नाहीये," तो म्हणाला. "त्यांनी माझ्यासाठी गाण्याचं काय केलं, ऐकलंस ना?"

आई दारात येऊन उभी राहिली. "बाळा, माणसं जीव लावतात म्हणून करतात."

"मला माहितीय गं. म्हणूनच." तो गिटारकडे बघत होता. मी ती भिंतीवर टांगली होती, जाड तार बारकीच्या जागी. "ती तरी नीट राहू दे. तिला कशाला माझ्यासारखी करून ठेवायची?"

कंपनीत एखाद्या गाडीवर दोष सापडला की माझ्याकडे करण्यासारखं काहीतरी असतं. घासायची, परत रंगवायची, फारच झालं तर बाजूला काढायची. घरी माझ्यासमोर माझा भाऊ बसला होता आणि माझ्या हातात आलं ते एवढंच, त्याने सांगितलेलं काम.

मी गिटार परत उजवी केली. एवढ्या निगुतीने बुजवलेली खाच कोरून काढायला हात उचलत नव्हता. एकाच जागचं लाकूड दुसऱ्यांदा काढलं की ब्रिज कमजोर होतो, म्हणून मला आतून सागवानाची एक पातळ पट्टी चिकटवावी लागली. पोटाच्या भोकातून हात घालून, आरशात बघत, उलट्या दिशेने. गोंद वाळेपर्यंत क्लॅम्प लावून ठेवला आणि गॅलरीतच बसून राहिले. भाऊ आला, बाजूच्या स्टुलावर बसला. आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. कंपनीने त्याला गेटवर माल नोंदवायचं काम देऊ केलं होतं. बसून करायचं काम. "घेणार?" मी विचारलं. "नाही घेऊन काय करू?" तो म्हणाला.

तारा चढवल्या, सूर लावला. मी गिटार त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही, नुसतं उजव्या हाताने मोकळ्या तारांवरून एकदा खाली हात फिरवला. दुकानात जो आवाज मला नीट कळला नव्हता तो मला आता ऐकू आला असं मला वाटलं. तो म्हणाला, "थोडी बदलली."

"आतली पट्टी," मी म्हटलं. "जास्तीचं लाकूड आलं ना."

"असू दे. चांगली आहे."

आठवड्याभरात तो ती स्वतः मास्तरांकडे घेऊन गेला. पार्टीत एक गृहस्थ नवीन आले होते, महापालिकेत नोकरीला, केस पिकायला लागलेले. त्यांना उतारवयात गिटारची हौस लागली होती. मन लावून शिकत होते. भावाने गिटार त्यांच्या हातात दिली आणि तारा कुठल्या वापरायच्या, उन्हाळ्यात कशी ठेवायची, ते सगळं नीट सांगितलं. आईने तो लुगड्याचा तुकडा धुऊन कपाटात ठेवून दिला.

तो गेटच्या कामावर जायला लागला. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर येते, तिकडे जाताना मी त्याला गॅलरीतून बघते. तो बरा आहे का, हे मला सांगता येणार नाही. विचारलं तर हो म्हणतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारी पूर्वी तो वाजवून बघायचा, आता मी मुलांनाच बसवते आणि वाजवायला लावते. मुलं वाजवायला लागली की तो कधी घरात असतो, कधी खाली जातो. त्यात काही ठरलेलं नाही, म्हणून मला त्याबद्दल काही करताही येत नाही.

जयंतीला पार्टीचा कार्यक्रम आमच्याच नगरात होता. आईने आम्हा दोघांनाही ओढून नेलं, पुढून तिसऱ्या ओळीत खुर्च्या मिळाल्या. स्टेजवर निळे झेंडे, वर हॅलोजन, एप्रिलचा उकाडा. महापालिकेतले गृहस्थ पांढरा कडक सदरा घालून गिटार घेऊन बसले होते. लाइटच्या उष्णतेने गिटार तापते आणि तारा ढिल्या पडतात. दुसऱ्या गाण्यालाच एक तार उतरली, बारकीच्या आधीची. प्रत्येक कॉर्डमध्ये ती तेवढी खाली वाजत होती. गर्दीला कळण्यासारखं नव्हतं. ढोलकी जोरात होती, पुढे पोरं नाचत होती, मास्तरांचा आवाज लागलेला होता.

मी भावाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. जबड्यावरून दिसत होतं.

"जाऊन सांग ना," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "खुंटी जराशी फिरवायची. दोन गाण्यांच्या मधे."

"नको."

"मग मी जाते."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "बस, ताई. किती खुशीत आहेत ते, बघ."

गृहस्थ खरंच खुशीत होते. डोळे मिटून, मान डोलवत वाजवत होते. स्टेज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि मी खुर्चीत बसून राहिले. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं, तार अजून थोडी उतरली. आईने माझ्या अंगावरून वाकून भावाला विचारलं, "छान वाजवतात ना रे?"

"हो," तो म्हणाला, आणि आमच्यासाठी उसाचा रस आणायला उठून गेला.